कामाबद्दल माणसांना बोलतं करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हमाल, एसटीचे कंडक्टर, वाद्यकारागीर, आशाताई, बंद गिरण्यांतले कामगार, ऊसतोडीला जाणारी जोडपी अशा माणसांशी त्यांच्या कामाविषयी बोलायचं आणि ते बोलणं जपून ठेवायचं, हे काम मी बरीच वर्षं करते आहे. पत्रकारितेचे विद्यार्थी, शाळांमधले शिक्षक, आपल्या गावाचा इतिहास लिहू पाहणारी मंडळी, दिवाळी अंकांसाठी लिहिणारे, सगळ्यांकडून साधारण हेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एका ठिकाणी दिली आहेत. नट, खेळाडू, पुढारी यांच्या मुलाखतींना यातलं फारसं लागू पडणार नाही.

मुलाखत माणसाची घ्यायची की कामाची?

कामाची. माणूस तिच्यात आपसूक येतो. कष्टकऱ्यांच्या छापून येणाऱ्या मुलाखती बहुतेक वेळा हलाखी आणि जिद्द यांच्याभोवतीच फिरतात. चार पानं वाचून होतात, डोळ्यांत पाणी येतं, पण हा माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत नेमकं काय करतो ते शेवटपर्यंत कळत नाही. आपल्याला येत नाही असं काहीतरी त्याला येतं, म्हणून आपण त्याच्याकडे गेलेलो असतो. हे मनात पक्कं असलं की प्रश्नच बदलतात. डाळिंबाच्या बागेत छाटणी करणाऱ्याला 'किती कष्ट पडतात हो' म्हणण्यापेक्षा 'कुठली काडी ठेवायची आणि कुठली काढायची, हे कशावरून ठरवता?' असं विचारा. तो सरसावून बसेल. कष्टांविषयीही तो बोलेल, पण त्याला वाटेल तेव्हा.

पहिला प्रश्न कोणता विचारू?

'काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंत?'

'रोज काय करता' असं विचारू नका. त्यावर माणूस एका वाक्यात उरकतो. 'काल' म्हटलं की ठरावीक दिवस डोळ्यांसमोर येतो. कंडक्टर मग सांगतो, की काल मुक्कामी गाडी होती, शेवटच्या गावात झोपायची सोय कशी होती, सकाळी तोंड धुवायला पाणी कुणाच्या घरून घेतलं, पहिल्या फेरीला दूधवाले आणि शाळेची पोरं कशी असतात, सुट्ट्या पैशांवरून कुणाशी वाजलं. यातली एकही गोष्ट 'तुमच्या नोकरीतली आव्हानं' या प्रश्नाला बाहेर आली नसती.

'आमचं काय सांगायचं, रोजचंच आहे' असं म्हणाले तर पुढे काय?

असं बहुतेक जण म्हणतातच. हा नकार नसतो. आपल्या कामात ऐकण्यासारखं काही असेल असं त्यांना आजवर कुणी भासवलेलंच नसतं. अशा वेळी स्तुती करू नये, ती पोकळ वाटते. मी एक प्रश्न हमखास विचारते : 'नवीन पोरगा कामाला लागला तर पहिल्या आठवड्यात काय बिघडवतो?'

या प्रश्नाने माणूस शिकवणाऱ्याच्या जागी जातो. मार्केट यार्डातला जुना हमाल सांगेल, की नवा पोरगा पोतं हाताच्या जोरावर उचलायला जातो आणि दोन दिवसांत कंबर धरून बसतो. पोतं पाठीवर कुठे टेकवायचं, मान कशी ठेवायची, फळीवरून ट्रकमध्ये चढताना पाऊल कसं टाकायचं हे तो उठून करून दाखवेल. नर्स सांगेल, की नवी मुलगी शीर शोधताना पेशंटच्या तोंडाकडे बघायला विसरते. जे ज्ञान पुस्तकात मिळत नाही, ते चूक कुठे होते या वाटेने सापडतं.

अवजाराविषयी विचारणं हाही चांगला मार्ग आहे. हे कुठून आणलं, धार कुणाकडे लावता, दुसऱ्याला वापरायला देता का? शेवटच्या प्रश्नाला गवंडी, न्हावी, सुतार जवळजवळ सगळे 'नाही' म्हणतात आणि मग 'का' ते सांगताना रंगून जातात.

आधी किती अभ्यास करून जावं?

त्या कामाचे शब्द कानावर असावेत इतका तरी. गिरणी कामगाराला भेटायला जाताना साचा (माग), धोटा (मागावर आडवा धागा नेणारा), पाळी, जॉबर (कामगारांवरचा मुकादम), बदली कामगार या शब्दांमागे काय होतं ते ठाऊक हवं. 'तुम्ही कोणत्या डिपार्टमेंटला होतात?' आणि 'कोणत्या खात्यात? बदलीत किती वर्षं काढलीत? साचे किती सांभाळायचात?' यांना मिळणारी उत्तरं अगदी वेगळी असतात. दुसऱ्या प्रश्नावर त्यांना कळतं, की समोरच्याला बदली म्हणजे काय ते माहीत आहे : भोंग्याच्या वेळेला गेटवर जाऊन उभं राहायचं आणि कुणी गैरहजर असेल तरच त्या दिवसाचं काम मिळायचं.

पण अभ्यास दाखवायला जाऊ नका. माहीत असलेली गोष्टसुद्धा त्यांच्या तोंडून पूर्ण ऐका.

काम हातात आहे, शब्दांत सांगता येत नाही. मग?

मग बोलायला बसूच नका, काम चालू असताना जा.

मिरजेतल्या तंतुवाद्यांचं उदाहरण घेते. तिथे सतार-तंबोरे करणारी घराणी पिढ्यान्पिढ्या आहेत. पूर्वी शस्त्रांना धार लावणारी शिकलगार मंडळी एकोणिसाव्या शतकात या कामात आली. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतो. तो निवडणं, वाळवणं, कापणं याबद्दल कारागीर भरपूर सांगतात. जवारीपाशी आलं की शब्द संपतात. तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा घासून त्याला अगदी बारीक उतार द्यायचा असतो. तो साधला की तार घोडीला निसटती लागते आणि स्वर भरून, घुमत निघतो. कारागीर कानस दोनदा फिरवतो, भुकटी फुंकतो, तार छेडतो, मान थोडी कलती करून ऐकतो, परत घासतो. मग तारेखाली सूत सरकवतो, एका जागी थांबतो आणि हात काढून घेतो.

'जवारी कशी काढतात?' या प्रश्नाला तिथे उत्तर मिळत नाही, 'अनुभवाने कळतं' एवढंच ऐकायला मिळतं. मी विचारते : 'आत्ता हात थांबला, तो का?' मग ते सूत काढून तार परत छेडतात, आधीचा कोरडा स्वर ऐकवतात, सूत पुन्हा जागेवर नेतात आणि दुसरा ऐकवतात. फरक माझ्या कानाला कळला की नाही ते माझ्या चेहऱ्यावर बघतात. हे रेकॉर्डिंग म्हणजे शंभर वाक्यांचं उत्तर. लिहून काढताना तिथे कंसात काय काय केलं ते नोंदवायचं. 'का थांबलात', 'का बदललंत', 'हे का बाजूला ठेवलंत' हे प्रश्न भाकरी थापणाऱ्या बाईला, वेल्डरला, चर्मकाराला, सगळ्यांना चालतात.

पगार, मजुरी विचारणं असभ्य दिसत नाही का?

नाही. पैशांशिवाय कामाचं वर्णन अपुरं राहतं. मात्र 'महिन्याला किती मिळतात?' हा प्रश्न पुष्कळ कामांना लागूच होत नाही. आशाताईंना बराचसा मोबदला कामागणिक मिळतो, त्यामुळे कुठल्या कामाचे किती आणि ते कधी हातात पडतात असं विचारावं लागतं.

ऊसतोडीचा हिशेब त्याहून गुंतागुंतीचा आहे. बीडकडून आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून दिवाळीच्या आगेमागे टोळ्या कारखान्यांकडे निघतात त्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन. करार कोयत्याचा असतो आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दर टनावर ठरतो आणि मिळकत उचलीतून वळती होते. आजारपणामुळे खाडा पडला तरी दंड लागतो. हंगाम संपताना उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या वर्षावर जाते. तिथे 'मजुरी किती?' असं विचारून काय हाती येणार? विचारायचं ते असं : उचल किती घेतली आणि ती कशासाठी? हिशेबाची वही कुणाकडे असते? ती तुम्ही बघता का? उसाचं वाढं (शेंड्याचा हिरवा चारा) विकून आलेले पैसे कुणाच्या हातात येतात? एका कोयत्याच्या कामातला बाईचा वाटा तिच्या नावाने कुठे लिहिलेला असतो का? शेवटचा प्रश्न नवऱ्यासमोर बाईला विचारून पाहा. कधी कधी दोघंही पहिल्यांदाच त्यावर विचार करताना दिसतात.

आकडे विचारण्याआधी आपली वही बाजूला ठेवा, 'सांगायचं नसलं तरी चालेल' असं म्हणा आणि ते मनापासून म्हणा.

कोणत्या वेळी जावं?

त्यांच्या कामाच्या घड्याळाने. मुंबईचा डबेवाला डबे पोचवून झाल्यावर, रिकामे डबे गोळा करायला निघण्याआधी, जेवायला बसतो. तेवढाच वेळ असतो, आणि त्यातला घास मोडू नये. यार्डात पहाटे गाड्या उतरत असतात, दुपारनंतर हमाल मोकळे होतात. किनाऱ्यावर १ जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी सुरू होते. होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, तांडेल (होडीचा प्रमुख) आणि खलाशी जाळी दुरुस्त करत बसलेले असतात. गप्पांसाठी याहून चांगला काळ नाही. पण त्याच दिवसांत कोळणींना उसंत असेल असं धरून चालू नका. सुकी मासळी विकायला त्या बाजारात बसलेल्या असतात.

ऊसतोड कामगारांना फडात थांबवू नका. तुमच्या अर्ध्या तासात त्यांच्या मोळ्या बुडतात. त्यांच्या कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीवर, संध्याकाळी जा, किंवा हंगाम संपल्यावर गावी.

हाक काय मारायची?

काका, मामा, दादा, मावशी, ताई, आजी, जे त्या भागात चालतं ते. वयाने लहान असले तरी 'अहो' सोडायचं नाही. घरकाम करणाऱ्या ताईंना आणि सफाई कामगारांना पहिल्या भेटीतच 'तू' म्हणणारे मुलाखतकार मी पाहिले आहेत, आणि तेच वरच्या मजल्यावरच्या मॅनेजरला 'सर' म्हणतात. तिथेच मुलाखत संपलेली असते.

जातीविषयी विचारावं का?

काम आणि जात यांची गाठ आपल्याकडे इतकी घट्ट आहे, की ती टाळून केलेली नोंद खोटी ठरते. मुंबईच्या गिरण्यांचंच बघा. कारखाना नवा, यंत्रं विलायतेची, पण चांगल्या मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना शिरू देत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढून काढावा लागे आणि इतरांना तो विटाळ वाटे. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला होता. त्या काळच्या एखाद्या विणकराची मुलाखत कुणी घेतली असती आणि जात विचारली नसती, तर खात्याची रचनाच कळली नसती.

तरी 'तुमची जात कोणती?' असं थेट विचारू नका. 'या कामात तुमच्याकडचे आणखी कोण कोण आहेत? दुसऱ्या लोकांनी हे काम घेतलं का? तुम्हाला वेगळं काम करून बघायचं होतं का, आणि तेव्हा काय झालं?' यातून जेवढं सांगायचं तेवढं माणूस सांगतो. गटारात उतरणाऱ्या कामगारांशी बोलताना फारच जपा. माणसाला मैला साफ करायला लावण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी कंत्राटदार माणसं उतरवतात. अशा वेळी नाव छापलं की त्या माणसाचं काम जातं आणि कंत्राटदाराचं काही बिघडत नाही.

मुकादम, मालक किंवा घरातलं वडीलधारं माणूस शेजारी येऊन बसलं तर?

त्यांना हाकलू नका, त्यांचीच मुलाखत आधी घ्या. मान मिळाला की बहुतेक जण थोड्या वेळाने उठून जातात. नाही उठले, तर त्या दिवशी अवजारं आणि कामाची पद्धत एवढंच बोला. पैशांचं आणि तक्रारींचं दुसऱ्या भेटीला ठेवा.

'मी काही काम करत नाही, घरीच असते' असं बायका सांगतात. तिथे काय विचारायचं?

'चूल किंवा गॅस पेटवण्याआधी काय काय झालेलं असतं?' असं विचारा. झाडलोट, शेण, पाणी, धारा, पोरांच्या आंघोळी अशी यादीच सुरू होते, आणि यादी संपेपर्यंत 'काम करत नाही' हे वाक्य त्यांनाच पटेनासं होतं.

बायकांनी आपल्या कामाविषयी बोलून ठेवलेलं आहे, फक्त मुलाखतीच्या रूपात नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यातून सुरू केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात एक लाखाहून जास्त ओव्या आहेत, आणि त्या आता 'पारी' या ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहात ऐकायला मिळतात. पहाटेचं दळण, माहेरची वाट, सासरचा जाच, आंबेडकरांवरचं प्रेम, सगळं त्यांत आहे. खुर्चीवर बसवून विचारलं असतं तर यातलं फार थोडं आलं असतं. जात्याचा खुंटा हातात आला की ओवी आठवते. म्हणून आजींकडे जाताना घरात जातं असलं तर ते मांडायला सांगा.

मोबाइलवर रेकॉर्ड केलं तर चालतं का?

चालतं. फोन विमान मोडवर टाका आणि त्यांच्याजवळ ठेवा, आपल्याजवळ नको. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीत यंत्रमागांच्या आवाजात काहीच ऐकू येत नाही, तेव्हा मागांचा आवाज दोन मिनिटं वेगळा नोंदवा आणि बोलायला चहाच्या टपरीवर जा. मागावर वर्षं काढलेल्यांना कानाने कमी ऐकू येतं, म्हणून समोरासमोर बसून सावकाश बोलावं. घरी आल्यावर त्याच रात्री फाइल दुसऱ्या ठिकाणी उतरवून ठेवा.

बोली तशीच लिहायची की शुद्ध मराठीत?

तशीच लिहा, पण सगळ्यांची. हमालाचं 'म्हनला', 'व्हतं' जसंच्या तसं आणि अडत्याचं बोलणं मात्र नीटनेटकं करून, असं केलं तर वाचणाऱ्याच्या मनात एक जण अडाणी ठरतो. प्रत्यक्षात अडत्याही घरी 'व्हतं'च म्हणत असतो. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी यांतले कामाचे शब्द बदलू नका, लागला तर खाली अर्थ द्या. एका तासाचं बोलणं उतरवायला चार ते सहा तास लागतात. यंत्राकडून उतरवून घ्याल तर बोलीतल्या ओळी पुन्हा ऐकून तपासाव्याच लागतील.

सांगितलेली तारीख चुकीची असेल तर दुरुस्त करायची का?

आधी ती खरंच चुकीची आहे का ते बघा. गिरणी संप १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, असं सगळीकडे लिहिलेलं आहे. एखादे काका मात्र ठामपणे म्हणतात, की आमचा संप दिवाळीतच सुरू झाला. तेही बरोबर असू शकतात. १९८१ च्या दिवाळीच्या सुमारास बोनसवरून काही गिरण्यांतले कामगार आधीच बाहेर पडले होते. 'संप कधी संपला?' या प्रश्नाचं उत्तर तर प्रत्येक घरात निराळं मिळतं, कारण तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. कुणी गावी निघून गेलं तो दिवस सांगतं, कुणी बायको खानावळ चालवायला लागली तो.

मूळ बोलणं तसंच ठेवावं आणि टिपेत नोंद करावी.

सरकारी नोकरांची मुलाखत घेता येते का?

घेता येते, पण महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार शासनावर जाहीर टीका करायला त्यांना मनाई आहे. तलाठी, ग्रामसेवक, पोलीस शिपाई यांच्याशी कामाच्या तपशिलावर बोला. धोरणावर ते बोललेच, तर ते छापायचं की नाही हे त्यांना पुन्हा विचारा. निवृत्त झालेले जास्त मोकळे बोलतात.

कामावर असलेल्या लहान मुलांशी बोलावं का?

बोला, पण नाव, गाव, फोटो काही प्रसिद्ध करू नका, आणि आई-वडिलांना विचारल्याशिवाय रेकॉर्डरही काढू नका.

मुलाखतीचे पैसे द्यायचे का?

बोलण्याचे पैसे देऊ नयेत, बुडालेल्या रोजाचे जरूर द्यावेत. दोन्हींत फरक आहे. ज्या संस्थेला या कामासाठी निधी मिळतो, ज्या प्राध्यापकाला पगार मिळतो, त्यांनी रोजंदारीवरच्या माणसाकडून दोन तास फुकट घ्यावेत हे मला मान्य नाही. विद्यार्थ्यांकडे पैसे नसतात, त्यांनी सुट्टीच्या वेळेत जावं. लिहून झालेली मुलाखत आणि एक चांगला छापील फोटो नेऊन देणं मात्र सगळ्यांनाच जमण्यासारखं आहे. कामावरचा फोटो फार थोड्या लोकांच्या घरात असतो.

बोलता बोलता रडू आलं तर?

रेकॉर्डिंग थांबवा, पाणी द्या, गप्प बसा. पुन्हा सुरू करायचं का ते त्यांना ठरवू द्या. त्याच विषयावर 'अजून थोडं सांगा' म्हणू नका.

परवानगी लेखीच हवी का?

लेखी असली तर उत्तम. पण ज्यांनी आजवर उचलीच्या, कर्जाच्या, विम्याच्या कागदांवर न वाचता अंगठे दिले, त्यांच्यासमोर आणखी एक कागद ठेवला की ती बिचकतात. मी रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला सांगते : हे कुठे छापणार, कोण वाचणार, नाव बदलून हवं असेल तर बदलू. त्यांचं उत्तर त्यांच्याच आवाजात नोंदवलं जातं. लिहून झाल्यावर परत जाऊन वाचून दाखवते. या वाचनात खूप काही दुरुस्त होतं, आणि पहिल्या दिवशी राहिलेल्या गोष्टी बऱ्याचदा तेव्हाच निघतात. फोनवर वाचून दाखवण्यापेक्षा समोर बसून वाचा, घरातली माणसंही ऐकायला जमतात आणि मध्येच भर घालतात.

छापून झाल्यावर कुणी 'माझं काढून टाका' म्हणालं तर?

इंटरनेटवरून लगेच काढा, कारण विचारू नका. छापील अंकातलं परत घेता येत नाही, ते आधीच सांगून ठेवलेलं असावं. मूळ रेकॉर्डिंगचं काय करायचं, पुसायचं, बंद ठेवायचं की काही वर्षांनी खुलं करायचं, हे वेगळं विचारा. पुष्कळदा छापलेलं नको असलं तरी आवाज नातवंडांसाठी ठेवा असं सांगितलं जातं. तेव्हा त्याची एक प्रत मेमरी कार्डात घालून त्यांच्या घरी नेऊन द्या आणि ती त्यांच्या फोनवर वाजते का ते तिथेच लावून बघा.